गणपतीने पेलोड पाहिला नव्हता

कुंभकोणममध्ये पावलापावलावर देऊळ आहे, प्रत्येक देवळात देव आहे आणि प्रत्येक देवाचं स्वतःचं वाहन आहे. ते घेण्याआधी यांपैकी एकाही देवाने रिव्ह्यू वाचलेला नाही. गणपतीने उंदीर घेतला तेव्हा पेलोड पाहिला नाही. शनीने कावळा घेतला, रिसेलचा विचार केला नाही. गावाबाहेर थोड्याच अंतरावर स्वामीमलै आहे. तिथे मुरुगनसमोर नेहमीच्या मोराऐवजी हत्ती उभा आहे. इंद्राने आपला ऐरावत दिला, अशी कथा सांगतात. म्हणजे घरात हॅचबॅक असताना दारात एसयूव्ही येऊन उभी राहिली, आणि मुरुगनने 'ॲव्हरेज किती?' एवढंही न विचारता ती ठेवून घेतली. देव उगीच देव होत नाहीत.

मी माणूस. त्यातून बँकेतला, आणि त्यातूनही डोंबिवलीचा. डोंबिवलीकराला फास्ट लोकलमध्ये दोन्ही पाय टेकायला जागा मिळाली की त्याचं वाहनसौख्य पूर्ण होतं. बदली होऊन इकडे आलो तेव्हा स्कूटर बरोबर आणली, आणि ती पुरत होती. घर ते शाखा, शाखा ते भाजीबाजार, रविवारी संध्याकाळी महामहम तळ्याभोवती एक चक्कर आणि मग पितळी दबऱ्यातली डिग्री कॉफी. सुखाचे दिवस होते. मग सासूसासरे नवग्रह करायला आले.

कुंभकोणमच्या आसपास नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत, नऊ वेगवेगळ्या गावांत. सूर्य सूर्यनारकोविलला, चंद्र तिंगळूरला, मंगळ वैदीश्वरनकोविलला, बुध तिरुवेंकाडूला, गुरू आलंगुडीला, शुक्र कंजनूरला, शनी तिरुनळ्ळारला, राहू तिरुनागेश्वरमला आणि केतू पार समुद्राच्या अंगाला कीळपेरुंपळ्ळमला. आकाशात हे लोक कधीमधी तरी एका रांगेत येतात, जमिनीवर कधीच येत नाहीत. एका दिवसात नऊ उरकायचे तर पहाटे अंधारात निघावं लागतं. सरकारी महामंडळाची नवग्रह बस भरलेली होती, म्हणून आम्ही भाड्याची गाडी केली आणि सासरेबुवांना तिसऱ्या रांगेत घडी घालून बसवलं. मंगळापर्यंत ते बोलत होते. बुधाला पाय बधिर झाले. शनीच्या दारात त्यांना उलगडायला दोन माणसं लागली, आणि त्या दोघांनीही वेगळे पैसे मागितले.

रात्री बायको म्हणाली, "आपली गाडी हवी."

"बघू," मी म्हणालो, आणि बघायला लागलो.

आता यात गंमत अशी, की दुसऱ्यांची वाहनकर्जं मंजूर करणं हे माझं रोजचं काम आहे. समोर कावेरीकाठचा शेतकरी येतो, वेष्टी सावरत बसतो, गाडीचं नाव एका दमात सांगतो आणि माझी कॉफी निवायच्या आत सही होते. एकाला मी सहज विचारलं होतं, "हीच गाडी का?" तो म्हणाला, "मेहुण्याने घेतलीय, सार." झालं संशोधन. या लोकांच्या गाड्या वर्षानुवर्षं मुकाट चालतात आणि हप्तेही वेळेवर येतात. मला मात्र हे फार अडाणीपणाचं वाटायचं. एवढे लाख घालायचे, तेही मेहुण्याच्या भरवशावर? मला तीन मेहुणे आहेत, त्यांच्या भरवशावर मी छत्रीसुद्धा घेणार नाही.

मी एक्सेल उघडलं. ओळींत गाड्या आणि रकान्यांत गुण. किंमत, ऑन-रोड किंमत, शोरूमवाला दार लावून सांगतो ती ऑन-रोड किंमत, कंपनीचं मायलेज, साडूचं मायलेज, डिक्की किती लिटर, टाकी किती लिटर, पॉवर आणि टॉर्क. टॉर्क म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण कमी असला की वाईट वाटतं. पत्रक वाढत गेलं. तंजावरला बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याची हकिकत मराठीत कोरवून घेतली आहे. शिलालेख प्रचंड आहे, वाचता वाचता मान अवघडते. पण राजांना कुठेतरी थांबावं लागलं, कारण भिंत संपली. एक्सेलला भिंत नसते.

त्यातला 'हिल होल्ड असिस्ट' हा रकाना माझा विशेष लाडका होता. घाटात चढावर गाडी थांबली तर ती मागे घसरू नये म्हणून ही सोय असते. ही सोय नसलेल्या दोन चांगल्या गाड्या मी खोडून टाकल्या. मग आमच्या कॅशियरने विचारलं, "सार, हिल एंगे?" म्हणजे डोंगर कुठे आहे? मी खिडकीबाहेर पाहिलं. कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा परातीच्या तळासारखा सपाट. कुंभकोणममधली सगळ्यात उंच चीज म्हणजे सारंगपाणीचं अकरा मजली गोपुर, आणि त्यावर गाडी न्यायला परवानगी नाही. नाव घेण्यासारखा डोंगर एकच, स्वामीमलै. तोही माणसांनी रचलेला, साठ संवत्सरांच्या नावाने साठ पायऱ्यांचा. तरीही रकाना मी ठेवला. उद्या बदली होऊन खंडाळ्याला गेलो तर?

यूट्यूबवर गाड्या पाहायला लागल्यापासून माझा हात मोकळा राहीना. तिथले तज्ज्ञ गाडीचं दार लावून त्याचा आवाज ऐकतात, पत्र्यावर बोटाने टकटक करतात, डॅशबोर्ड अंगठ्याने दाबून 'हार्ड प्लास्टिक' असं दुःखाने म्हणतात. दोन पत्र्यांमधली फट बोटाने चाचपतात. मीही चाचपू लागलो. घरातलं कपाट दाबलं, पॅनेल गॅप फार निघाली. सासूबाईंची ट्रंक वाजवून पाहिली, बिल्ड क्वालिटी उत्तम. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत शाखेसमोर एक पांढरी गाडी दिसली, माझ्या यादीतली. मी बॉनेट वाजवलं. दार वाजवलं. खाली वाकून ग्राउंड क्लिअरन्स पाहिला. नंबराच्या पाटीजवळ काहीतरी चिकटवलं होतं, ते वाचत असताना मालक धावत आला. वेष्टी अर्धवट खोचलेली, हातात केळीचं पान तसंच.

"सार! उद्या भरतो, सार! दोन्ही हप्ते भरतो! गाडी नेऊ नका!"

त्याचं कर्ज आमच्याच शाखेत थकलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला त्याने दोन हप्ते भरले. मागोमाग त्याचा चुलतभाऊ आला, त्यानेही भरला. व्यवस्थापकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "वसुली सुधारतेय. तुमचं संशोधन चालू द्या."

सल्लागार तर न बोलावता जमले. या विषयात मला एक गोष्ट दिसली. कुणीही आपल्याला आपल्यासाठी गाडी सुचवत नाही. प्रत्येकजण स्वतः घेतलेली गाडी सुचवतो, कारण आपणही तीच घेतली तर त्याचे पैसे वाया गेले नाहीत, याचा त्याला लेखी पुरावा मिळतो. शाखेत तीन अधिकारी, त्यांच्या तीन गाड्या आणि तीन 'डोळे झाकून घ्या'. चौथा गाडी विकून स्कूटरवर आलेला, तो म्हणाला, "डोळे झाकून स्कूटर ठेवा."

यांच्याही वर माझा साडू. तो पुण्यात कोथरूडला राहतो आणि रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो. देशातल्या गाड्यांच्या चाचण्या करणारी ती मोठी संस्था टेकडीच्या कुशीत असल्याने मोटारशास्त्रातला आपला अधिकार त्या वाऱ्यातून आपोआप आलेला आहे, असं त्याचं मत आहे. तो फोनवर 'मायलेज' म्हणत नाही, 'आमच्या एआरएआयचं मायलेज' म्हणतो.

"ते मायलेज खरं मिळतं का हो?" मी विचारलं.

"मिळतं की! तिथे मिळतं."

तिथे गाडी प्रयोगशाळेत रोलरवर जागच्या जागी पळते. समोरून देवळाची हत्तीण येत नाही.

साडूचा दुसरा आग्रह ताऱ्यांचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे 'भारत एनकॅप' सुरू झालं आणि गाड्यांना सुरक्षिततेचे तारे मिळू लागले, जास्तीत जास्त पाच. "पाचच्या खाली बघूच नका," तो म्हणाला. मी बारकाईने वाचलं. समोरून धडक देण्याची ती चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने करतात. इथल्या बाजारपेठेत ६४ चा वेग गाठायचा तर आदल्या मध्यरात्री निघावं लागेल आणि वाटेत एकही देऊळ लागता कामा नये. पण तारे म्हटलं की आमचे घरमालक सावध होतात, त्यामुळे हा मुद्दा त्यांच्यापर्यंत गेला.

आमचे घरमालक तंजावर मराठी. गल्ली त्यांना 'रायर' म्हणते, मी रायर आजोबा म्हणतो. व्यंकोजीराजांच्या मागोमाग त्यांचे पूर्वज इकडे उतरले ते परत गेलेच नाहीत. आजोबांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. मी दिलेलं पत्रक त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"आमच्या काळी दोनच. ॲम्बेसेडर नाहीतर फियाट. जी आधी मिळेल ती चांगली."

त्या काळाचा मला हेवा वाटला. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. पुढे १९८३ साली मारुती आली तीही आगाऊ पैसे भरून नंबर लावलेल्यांना. तेव्हा माणूस गाडी निवडत नसे, गाडी माणूस निवडत असे, आणि एकदा निवडला गेला की तो पेढे वाटत असे. टॉर्क कुणी विचारला नाही.

"पण परीक्षा करायचीच तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जा," आजोबा म्हणाले. "नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र आहे, चित्रांसकट. घोड्याच्या अंगावर कुठे भोवरा असला म्हणजे राज्य मिळतं नि कुठे असला म्हणजे धनी बुडतो, सगळं लिहिलंय. तुझे ते मोबाइलवाले दुसरं काय करतात?"

हे मला फार लागलं, कारण खरं होतं. आमच्या पूर्वजांनी घोड्याच्या गळ्यावरचा देवमण शोधला, मी पत्र्यामधली फट शोधत होतो. फरक एवढाच, की भोवरे मोजून झाल्यावर ते घोड्यावर बसले आणि तंजावरात उतरले. मी अजून खुर्चीतच होतो. याच कुंभकोणममध्ये १८२८ साली जन्मलेल्या सर टी. माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. आजोबा त्यांचं नाव निघालं की हात जोडतात. माझी खात्री आहे, त्यांच्या काळी मोटारी विकत मिळत नव्हत्या म्हणूनच त्यांच्या हातून एवढी कामं झाली.

मग टर्निंग रेडियस आला. कंपन्या हा आकडा मीटरमध्ये देतात, पण आमच्या गल्लीचं वळण किती मीटरचं आहे हे कुणी देत नाही. दिवसा मोजायला रहदारी आडवी येते, म्हणून मी आणि कॅशियर रात्री टेप घेऊन बाहेर पडलो. त्याने एक टोक कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळीशी धरलं, मी दुसरं आमच्या फाटकाशी. मी आकडे सांगत होतो, तो वहीत लिहीत होता. समोरच्या ओसरीवर एक पाटी बसल्या होत्या, म्हणजे आजीबाई. त्यांनी सगळं पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. सकाळी उठून पाहतो तो रायर आजोबांच्या ओट्यावर दहाबारा माणसं चेहरे पाडून बसलेली. बँकेने घरावर टाच आणली, रात्री मोजणीसुद्धा झाली, ही बातमी पहाटेच्या कोलमाच्या रांगोळीबरोबर गल्लीभर उमटली होती. एकाने तर आजोबांना हळूच विचारलं, "लिलाव कधी आहे?" त्याला घर घ्यायचं होतं.

मोठ्या देवळांचे रथ याच रस्त्यांवरून वळतात, हे नंतर लक्षात आलं. रथ कोपऱ्यावर आला की लाकडी पाचरा घेतलेली माणसं चाकाखाली वाकतात, पाचर सरकवतात, काढतात, पुन्हा सरकवतात, आणि तो डोलारा इंचाइंचाने वळतो. तिथे टर्निंग रेडियस मीटरमध्ये नसतो, माणसांत असतो. गावाला लागून दारासुरम आहे. तिथल्या ऐरावतेश्वराच्या देवळात बाराव्या शतकातला दगडी रथमंडप आहे, चाकं आणि उधळलेल्या घोड्यांसकट. मायलेज शून्य, देखभाल पुरातत्त्व खात्याकडे, आणि २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. असा रिव्ह्यू आजच्या एकाही गाडीला नाही.

टेस्ट ड्राइव्हला मी गेलो तो शोरूमच्या पोराने बोलावलं म्हणून. एवढ्या उकाड्यात टाय बांधलेला, सत्शील मुलगा. "सार, फ्रायडे टेन थर्टी या. गाडी एकदम फ्री असते." मला कौतुक वाटलं, रांग नाही, घाई नाही. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहूकाळ असतो आणि त्या वेळेत इथे कुणी नव्या गाडीच्या किल्लीला हातही लावत नाही, हे मला घरी गेल्यावर कळलं. राहूचं देऊळ गावापासून हाकेच्या अंतरावर असताना ही बेपर्वाई बरी नव्हे, असं आमच्या घरमालकीण रायरमामींचं म्हणणं पडलं.

गाडी शोरूममधून निघाली आणि चाळीसएक फुटांवर थांबली. पुढे केळीच्या पानांचे भारे लादलेली मोपेड, तिच्यापुढे रिक्षा, रिक्षापुढे दुधाची गाडी, आणि सगळ्यांपुढे एक गाय, जिला कुठेच जायचं नव्हतं.

"पिकअप कसा वाटला, सार?" पोराने विचारलं.

"एसी छान आहे," मी म्हणालो.

"सनरूफ इरुक्कु, सार." त्याने बटण दाबलं. वरून वैशाखातलं ऊन सरळ माझ्या टाळूवर उतरलं. ज्या गावाजवळ सूर्याचं स्वतंत्र देऊळ आहे, त्या गावात गाडीला सूर्यासाठी खिडकी कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मुलं डोकं बाहेर काढतात, सार." मी म्हणालो, मला मुलगी आहे आणि तिला डोकं आहे.

एवढं होईतो पत्रक जवळजवळ पुरं झालं होतं, पण दिवस मिळेना. जुलैच्या मध्याला आडी महिना लागला. आडीत इकडे कुणी शुभकार्य करत नाही. म्हणूनच दुकानं सवलतींचा पाऊस पाडतात, आणि मामी म्हणतात तो पाऊस अंगावर घेऊ नये. आडी संपला, गणपती झाले, आणि आईचा डोंबिवलीहून फोन आला, "पितृपक्षात लोखंड घरात आणायचं नाही." आईचं ऐकावं तर सप्टेंबर गेला, मामींचं ऐकावं तर पुढे डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना, तोही वर्ज्य. उरलेल्या दिवसांतून अष्टमी, नवमी, करिनाळ, रोजचा राहूकाळ आणि रोजचा यमगंड वजा करायचा. दोन राज्यांची अशुभं एकाच घरात नांदायला लागली की गाडी घ्यायला वर्षाकाठी एखादा गुरुवार उरतो, आणि त्या दिवशी बँकेत ऑडिट असतं.

त्यात सरकारनेही मुहूर्त काढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून थेट १८ टक्क्यांवर आला, वरचा सेस गेला. नेमकी घटस्थापना. कुणीतरी दिल्लीत पंचांग पाहिलं होतं यात शंका नाही. देशभर लोक आनंदले. मी एकटा रडकुंडीला आलो, कारण माझे किमतीचे सगळे रकाने एका रात्रीत खोटे झाले. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली, आणि पेट्रोल असेल तर बाराशे सीसीच्या आतली. म्हणून मग लांबीचा रकाना नव्याने भरला. कित्येक गाड्या ३,९९५ मिलिमीटरला थांबतात हे तेव्हा कळलं. ते पाच मिलिमीटर कुणी सोडले असतील, त्या माणसाला मला भेटायचं आहे. तो बँकेत शोभेल.

बायको शोरूमला पहिल्यांदा आली ती वाट वाकडी करून. तिला कुंभेश्वराच्या दाराशी असलेल्या दुकानांतून पितळी समई घ्यायची होती. मी पत्रकाचा शेवटचा भाग पोराला समजावून सांगत होतो. ती मागच्या सीटवर बसली, उतरली, पुन्हा बसली.

"चपला कुठे ठेवायच्या?" तिने विचारलं.

"मॅडम?"

"नऊ देवळं. पाच माणसं. चपला गाडीतच काढतो आम्ही, बाहेर ठेवल्या की जातात. दहा चपला. पायाशी ठेवल्या तर बाबांचे गुडघे वर येतात. मग ठेवायच्या कुठे?"

टॉर्क, टर्बो, एअरबॅग, सगळ्यावर तोंडपाठ बोलणारा पोरगा गप्प झाला. त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी माहितीपत्रक उलटंसुलटं केलं आणि मागच्या वर्कशॉपमधून मेस्त्रींना हाक मारली. मेस्त्री ग्रीस पुसत आले, प्रश्न ऐकला आणि एक शब्द न बोलता डिक्की उघडली. तळाची फळी उचलली. खाली, स्टेपनीच्या वर, एक उथळ खण होता. मेस्त्रींनी स्वतःच्या चपला काढून त्यात ठेवल्या. मग साहेबांचे बूट मागितले. पोराचे, माझे, बायकोच्या चपला. पाच जोड नीट ओळीत लावले, बोट फिरवून मोजले आणि फळी लावली. ती पूर्ण बसली.

"पत्तु, मॅडम," मेस्त्री म्हणाले. दहा.

"हीच," बायको म्हणाली.

पोराने माझ्याकडे पाहिलं, मी एक्सेलकडे पाहिलं. चपलांचा रकाना त्यात नव्हता. अनवाणी उभ्या उभ्याच मी बुकिंगच्या कागदावर सही केली. कोणती गाडी ते सांगत नाही. सांगितलं तर दुसरी गाडी असलेले वाचक पुढचं वाचणार नाहीत.

रंगाचा निर्णय रायर आजोबांनी पत्रिका पाहून दिला. शुक्र बलवान, म्हणून पांढरा. साडूनेही पांढराच सांगितला, रिसेलसाठी. ज्योतिष आणि साडू यांचं एकमत झालेली ही आमच्या घराण्यातली पहिली घटना. उरला नंबर, आणि एवढा तरी मी स्वतः ठरवणार होतो.

जगातली सगळ्यात प्रसिद्ध टॅक्सी कुंभकोणमच्या माणसामुळे प्रसिद्ध झाली. श्रीनिवास रामानुजन इथे सारंगपाणीच्या देवळासमोरच्या रस्त्यावर वाढले. ते छोटं घर आता स्मारक म्हणून जपलं आहे. ते इंग्लंडमध्ये आजारी असताना प्रोफेसर हार्डी त्यांना भेटायला गेले आणि म्हणाले, टॅक्सीचा नंबर १७२९ होता, अगदीच नीरस. रामानुजननी पडल्या पडल्या सांगितलं की छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे. बाराचा घन अधिक एकाचा घन, किंवा दहाचा घन अधिक नवाचा घन. शंभराहून अधिक वर्षं लोक हा किस्सा सांगताहेत, आणि त्या टॅक्सीचं मायलेज किती होतं हे कुणीही विचारलेलं नाही. मला १७२९ हवाच होता. टीएन ६८, म्हणजे कुंभकोणमची पाटी, आणि पुढे १७२९.

आरटीओबाहेरच्या एजंटने आकडा कागदावर लिहिला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि तोंड वाकडं केलं.

"रोम्ब डल् नंबर, सार. बेरीज एकोणीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. कुणी घेत नाही."

मी त्याला रामानुजन सांगितले, हार्डी सांगितला, घन सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"एकच खाली या, सार. १७२८. बेरीज अठरा, एक नि आठ नऊ. नऊ म्हणजे नऊ ग्रह."

"नऊच घ्या," बायको म्हणाली. "आपल्याला नऊच करायचेत."

मार्गळी लागायच्या आत, एका निर्दोष गुरुवारी गाडी दारात आली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, मामींनी कापूर लावला, आजोबांनी नारळ फोडला. गल्ली जमली. लिलावाची चौकशी करणारे गृहस्थही आले होते, थोडे हिरमुसलेले. पलीकडच्या घरातले गणिताचे निवृत्त प्राध्यापक मागे हात बांधून नंबराच्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"बाराचा घन," ते म्हणाले. "एकाचा घन कुठे गेला?"

"एजंटने घेतला," मी म्हणालो.